इस्तारीजींची झेंडी आणि खाजकुयरीची पूड

आमच्या मंडळात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते चहासारखे आपोआप सांडतात!

दर रविवारी सकाळी दहा वाजता तुमसरला प्रीती मॅडमच्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये आम्ही सगळे पार्किन्सनवाले जमतो. व्यायाम होतो, मग चहा येतो. तो अर्धाच ग्लास. पूर्ण भरला तर वरचा अर्धा शेजाऱ्याच्या मांडीवर जातो, हे अनुभवानं ठरलेलं. नव्या माणसाला वाटतं, मॅडम भलती कंजूस आहे. दोन रविवार झाले की तोच हात पुढे करून म्हणतो, "अर्धाच द्या जी."

घरी जाऊन बायकोला एक किस्सा सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटीला दुसरा बांधलेलाच असतो. ती म्हणाली, "मले कायले सांगता, लिहून काढा ना!" आता माझं अक्षर असं झालंय की मी लिहिलेलं मलाच वाचता येत नाही. म्हणून हे सगळं मोबाइलसमोर बसून बोलतोय आणि सूनबाई ते सरळ करून देतेय. चुका दिसल्या तर तिच्या, गमती दिसल्या तर माझ्या.

माणसं फार नाहीत. मी ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेला, म्हणून मंडळात 'सर'. लीलाबाई मोहाडीच्या, कोशाचं रेशमी कापड विणणाऱ्या. रामेश्वरजी चिखल्याच्या मॅंगनीज खाणीतून रिटायर झालेले. आणि धानाचे शेतकरी इस्तारीजी, सोबत त्यांच्या सौभाग्यवती कौतिकाबाई. महिन्यातून दोनदा नागपूरहून मेंदूचे डॉक्टर येतात, ते याच हॉलमध्ये खुर्ची टाकून बसतात.

*

सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे मागून कुणी टोमणा मारायला नको.

रिटायर व्हायच्या शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात एक चमत्कार झाला. मागच्या बाकांवरची पोरं पुढे येऊन बसायला लागली! मला वाटलं, तीस वर्षांच्या तपश्चर्येला फळ आलं. मग कळलं की त्यांना फळ्यावरचं दिसत नाहीये. मी म्हटलं, हे मोबाइलचे परिणाम. प्राचार्यांच्या मागे लागून कॉलेजात डोळे तपासणीच ठेवली.

तपासायला आलेल्या भल्या माणसानं सगळा वर्ग तपासला आणि माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, पोरांचे डोळे एकदम फर्स्टक्लास आहेत." मग स्वतःच शेवटच्या बाकावर जाऊन बसला, फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, हे समीकरण आहे का मुंग्यायची लाइन?"

अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचं एक लक्षण असतं, हे मला पुढच्या महिन्यात नागपूरला कळलं. त्या दिवशी परत येऊन मी प्रयोगशाळेत आतून कडी लावली आणि ॲसिडच्या बाटल्यांसमोर बसून रडलो. खोटं कशाला सांगू? पण बाहेर आलो तेव्हा मुंग्या आठवून हसूही येत होतं.

*

रामेश्वरजींचा प्रॉब्लेम वेगळा. हात कमी हलतो, पण दारात आले की पाय जमिनीला चिकटतात. पुढे अख्खा हॉल मोकळा, मागे आम्ही रांगेत, आणि रामेश्वरजी उंबऱ्यात पुतळ्यासारखे उभे.

प्रीती मॅडम म्हणाली की ठेका दिला तर पाय सुटतात. तिनं चमचा घेतला आणि स्टीलच्या ग्लासावर टण्ण करून एक ठोका दिला. पाय सुटला! रामेश्वरजी निघाले. मॅडम खूश. उत्साहात तिनं दुसरा ठोका दिला आणि रामेश्वरजी हॉलच्या मधोमध जागच्या जागी थांबले.

"काय झालं? चाला ना काका!"

"कसा चालू मॅडम? मी जिंदगीभर खदानीत मानसायचा पिंजरा खालीवर केला. चालत्या पिंजऱ्याले एक ठोका म्हंजे थांब. तुमी थांबवलं, मी थांबलो!"

*

आता मुख्य माणसाकडे येतो.

इस्तारीजींच्या गावचा शंकरपट आमच्या भागात नावाजलेला. बैलजोड्यांची शर्यत. दिवाळीला न येणारे जावईसुद्धा पटाला हजर असतात! दोन जोड्या एका वेळी सुटतात आणि त्यांना सोडण्यासाठी रेषेवर एक माणूस झेंडी घेऊन उभा राहतो. झेंडी वर गेली की बैल आवरायचे, खाली पडली की सोडायचे. हा मान वर्षानुवर्षं इस्तारीजींचा.

मध्ये काही वर्षं कोर्टाच्या बंदीमुळे पट थांबला. नेमका त्याच काळात इस्तारीजींच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. बंदी उठली, पट भरला, इस्तारीजी जुनीच झेंडी घेऊन उभे राहिले. त्या वर्षी निभावलं. गेल्या वर्षी मात्र झेंडी वर गेली आणि वरच थरथरायला लागली. एका गाडीवानाला वाटलं पडली, त्यानं जोडी सोडली. दुसऱ्याला वाटलं अजून पडायची आहे, तो थांबला. एक जोडी एकटीच धावून जिंकली आणि दुसरा गाडीवान दिवस मावळेपर्यंत भांडत बसला.

पट समितीचे अध्यक्ष इस्तारीजींच्या घरी आले. फार गोड बोलले. "पुढच्या साली तुमचा सत्कार करू जी. शाल, नारळ, स्टेजवर खुर्ची. झेंडी तेवढी दुसऱ्याले देऊन टाकू."

इस्तारीजी म्हणाले, "शाल ठेवा तुमच्यापाशी. घोंगडं आहे माह्या घरी. झेंडी नाही!"

शेवटी ठरलं असं की पटाच्या आठ दिवस आधी चाचणी घ्यायची. तीन वेळा झेंडी पाडायची. तिन्ही वेळा स्वच्छ पडली तर झेंडी इस्तारीजींची. एकदा जरी थरथरली, तर शाल.

मंडळात पहिल्या दिवशी प्रीती मॅडम प्रत्येकाला विचारते, तुम्हाला काय जमायला हवं? कुणी सांगतं शर्टाची बटणं, कुणी सांगतं चमच्यानं वरण. इस्तारीजी म्हणाले, "झेंडी पाडाची आहे." मी फिसकन हसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "सर, पटाले मी गेलो अन् हातात झेंडी नसन, तं लोकं माहा हात पाहीन. झेंडी असन, तं झेंडी पाहीन."

त्यानंतर मी त्या विषयावर हसलो नाही. म्हणजे त्या दिवशी तरी नाही.

*

पुढचं सगळं माझ्यामुळे घडलं, हे कबूल करून टाकतो.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मला शिकवायची हुक्की आली. मॅडमच्या फळ्यावर, शक्य तेवढ्या मोठ्या अक्षरात, लिहिलं: लेवोडोपा. म्हटलं, "आपल्या सगळ्यांच्या गोळीत हा जो पदार्थ आहे ना, तो निसर्गानं आधीच एका वेलीच्या बियांत भरून ठेवलाय. पुस्तकात तिला कवचबीज म्हणतात. आपण म्हणतो खाजकुयरी!"

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. तीस वर्षांत माझं एकही लेक्चर इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. शेवटी मी हेही म्हटलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही हं. पण तोवर चहा आला होता.

खाजकुयरी काय चीज आहे ते आमच्या झाडीपट्टीतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शेंगेवर भुरी लव असते. ती अंगाला लागली की माणूस जागेवर नाचतो. इस्तारीजींना हे सगळं माहीत. ते तयारीनं गेले. ओलं पोतं, विळा, सोबत कौतिकाबाई. गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झाडाला चढलेली भरगच्च वेल होती. इस्तारीजींनी डाव्या हातात विळा घेतला आणि उजव्या हातानं वेल धरली.

चूक कुठे झाली ते लक्षात आलं का? उजवा हात हलला. हाताबरोबर वेल हलली. वेलीबरोबर वरच्या शंभर शेंगा हलल्या. आणि सगळी लव दोघांच्या अंगावर!

खाज थांबवायचा गावचा उपाय म्हणजे शेण. पाळीवरून जाणाऱ्या माणसानं पाहिलं, की नवराबायको शेणानं माखून एकमेकांसमोर नाचताहेत. त्यानं वाट बदलली.

पुढच्या रविवारी कौतिकाबाईंनी हे स्वतःच सांगितलं. "पयले बुढ्याचा एक हातच हाले सर. त्या दिवशी आमी दोघंबी पायापासून डोक्यापर्यंत हाललो!"

*

बिया मात्र मिळाल्या. गावच्या वैदूच्या पद्धतीनं दुधात उकडल्या, साल काढली, वाळवल्या, दळल्या. हे सगळं मला किंवा मॅडमला न सांगता. सकाळच्या गोळीसोबत एक चमचा पूड, दुधातून.

त्या रविवारी इस्तारीजी हॉलमध्ये आले आणि आम्ही पाहतच राहिलो. हात शांत. पाय मोकळे. त्यांनी चहा मागितला, आणि तोही पूर्ण ग्लास! एक थेंब न सांडता प्यायले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मला तर सरळ हेवा वाटला. कौतिकाबाई मात्र छताकडे पाहत होत्या.

आता शेतकऱ्याचा हिशोब असा, की एका चमच्यात एवढं तर दोन चमच्यांत किती! मंगळवारी त्यांनी दोन चमचे घेतले, वर नेहमीची गोळी. तासाभरानं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसले असताना अंग आपोआप हलायला लागलं. मान, खांदे, कंबर. कंप नव्हे, डोलणं. वाऱ्यावर धान डोलतं तसं. थांबवू म्हटलं तर थांबेना. देवळात भजन चालू होतं, आणि इस्तारीजी डोलताहेत!

एका बाईनं पाहिलं आणि हात जोडले. "अवं बाप्पा, आंगात आलं!"

अर्ध्या तासात ओट्यासमोर रांग लागली. कुणी कपाळाला गुलाल लावला, कुणी नारळ ठेवला. इस्तारीजी अतिशय सभ्य माणूस. समोरच्यानं विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना माहीत. एकीनं विचारलं, "देवा, माही म्हैस कवा विणन?" हे डोलत डोलत म्हणाले, "शुक्रवारी." दुसऱ्यानं विचारलं, "पोराले नोकरी कवा लागन?" हे म्हणाले, "अभ्यास कराले सांगा."

जेवणाची वेळ टळली म्हणून कौतिकाबाई शोधत आल्या. नवरा गुलालानं लाल, पुढ्यात अकरा नारळ. त्यांनी कमरेला पदर खोचला आणि गर्दीतून वाट काढत म्हणाल्या, "उठा देवा, जेवाले चाला!"

रविवारी डॉक्टर आले. कौतिकाबाईंनी पिशवीतून पुडीचा डबा काढून सरळ टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चेहरा गंभीर ठेवायची पराकाष्ठा केली. औषध गरजेपेक्षा जास्त झालं की अंग असं डोलतं, हे समजावलं. किती चमचे, किती वाजता, कशासोबत, सगळं लिहून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "आणि त्या म्हशीचं काय झालं?"

इस्तारीजी म्हणाले, "शुक्रवारीच विणली जी!"

*

डॉक्टर रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि म्हणूनच मला तो माणूस आवडतो. डबा उघडून त्यांनी पूड हातावर घेतली आणि म्हणाले, "इस्तारीजी, हे खोटं औषध नाही. यात तेच आहे जे गोळीत आहे. गोळीत मात्र लेवोडोपासोबत एक राखणदार ठेवलेला असतो. तो औषध वाटेत लुटू देत नाही, मेंदूपर्यंत पोचवतो. बीला राखणदार नसतो. तुम्ही दोन्ही एकत्र घेतलं, तर गोळीतला राखणदार बीमधला मालही पोचवून देतो. म्हणून धक्का बसतो."

इस्तारीजींनी विचार केला. "म्हंजे माहा जागल्या फुकटात दुसऱ्याचंबी वावर राखून राहिला!"

"अगदी बरोबर. आणि त्या दुसऱ्या वावरात माल किती, हे कुणालाच माहीत नाही. एका बीमध्ये औषध किती असतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. "तसं नक्की सांगता येत नाही. माती, हंगाम, शेंग किती पिकली, यावर बदलतं."

डॉक्टर म्हणाले, "सर, हे लेक्चरमध्ये सांगितलं होतं का?"

मी माझ्या अर्ध्या ग्लासात पाहत राहिलो.

लीलाबाईंनी तेवढ्यात हळूच कबूल केलं, की त्यांनीही इस्तारीजींकडून चिमूटभर नेली होती आणि मागावर बसल्या बसल्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी त्यांचं बीपी घेतलं आणि या वेळी मात्र आवाज चढवला. त्यांचं बीपी आधीच कमी असतं, त्यात ही पूड ते आणखी पाडते. लीलाबाईंना पूड कायमची बंद. बाकी सगळ्यांनाही तंबी, मला दोनदा.

*

इस्तारीजींची पूड पंधरा दिवस थांबवली आणि डॉक्टरांनी कौतिकाबाईंना एक छापील तक्ता दिला. कोणत्या वाजता हात कसा, पाय कसा, ते रोज भरायचं.

पंधरा दिवसांनी तक्ता आला. त्यावर छापलेले सगळे आकडे कौतिकाबाईंनी खोडले होते आणि शेजारी पेन्सिलनं लिहिलं होतं: "डेअरीचा भोंगा, हात हालनं बंद. शाळेची खिचडी, हात हालनं चालू. तुमसरची यष्टी गेली, पाय जाम. बकऱ्या घरी आल्या, बरं वाटते."

"बाई, घड्याळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"घड्याळ आहे ना जी घरी. पन ते बंद आहे. भोंगा रोज वाजते."

मग मी आणि डॉक्टर त्या कागदावर बसलो. भोंगा किती वाजता, खिचडी किती वाजता, एसटी किती वाजता, बकऱ्या किती वाजता. मी गावच्या हेडमास्तरांना फोन लावला. उत्तरं अशी चोख जुळली, की कुठल्याही छापील तक्त्यात जुळली नसती! दुपारची गोळी रोज वाया जात होती. का? कारण ती लाखोरीच्या डाळीच्या वरणासोबत पोटात जात होती. डाळीतलं प्रोटीन आणि गोळी आतड्याच्या एकाच दारातून आत जातात. डाळ आधी घुसली की गोळी बाहेर ताटकळत उभी!

मग वरण संध्याकाळी गेलं. दुपारची गोळी जेवणाआधी अर्धा तास आली. आणि इस्तारीजींचा फारच आग्रह पाहून डॉक्टरांनी पूडही परत दिली. पण एकाच डब्यातली, सकाळी एकदाच, मोजून छोटा सपाट चमचा, आणि त्या वेळची गोळी अर्धी. दर आठवड्याला मॅडमनं बीपी आणि अंगाचं डोलणं तपासायचं. "हे फक्त इस्तारीजींपुरतं," असं त्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं.

चिठ्ठीही त्यांनी कौतिकाबाईंच्या भाषेतच लिहिली. एक गोळी शाळेच्या खिचडीआधी. एक बकऱ्या घरी येण्याआधी.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून डॉक्टरांना फोन. "साहेब, रविवारी शाळेला सुट्टी राहते. त्या दिवशी गोळी द्यायची का नाही?"

*

औषध लागू पडलं तरी झेंडी उरलीच होती. मॅडमच्या हॉलमध्ये सराव सुरू झाला. झेंडी म्हणून लीलाबाईंच्या मागावरचा लाल तुकडा. इस्तारीजी हात वर करून उभे राहत, आणि दहा मोजेपर्यंत अंगठा हलायला लागे. मग मनगट. मग झेंडी. ते झेंडी गुंडाळून खाली बसत. पटाचा माघ महिना जवळ येत होता आणि मला रात्रंदिवस ती शाल दिसत होती.

उपाय शोधला लीलाबाईंनी. त्या बराच वेळ पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मी मागावर धोटा फेकतो तवा माहा हात हालत नाही. काम थांबलं, हात रिकामा बसला, का हालाले लागते. तुमी झेंडी वर धरून हाताले रिकामं काहून ठेवता?"

मॅडमनं टाळी वाजवली. खरंच होतं! मग नवी रीत ठरली. झेंडी वर धरून वाट पाहायचीच नाही. काठी दोन्ही हातांनी घट्ट पकडून खाली ठेवायची. दोन्ही गाडीवान तयार झाले की एका दमात वर, लगेच खाली. हाताला थरथरायला सवडच द्यायची नाही.

चाचणीला आम्ही सगळे टाटा मॅजिक करून गेलो. पहिली झेंडी स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसऱ्या वेळी एक बैल काही केल्या रेषेवर येईना. पाच मिनिटं गेली. इस्तारीजी काठी घट्ट धरून उभे. रामेश्वरजींनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. बैल आला. झेंडी वर, झेंडी खाली!

आम्ही ओरडलो. अध्यक्षांचा चेहरा मात्र पडला. म्हणाले, "चांगलं झालं जी. पन सत्काराची शाल आणून ठेवली आहे. तिचं काय करू आता?"

कौतिकाबाई पुढे झाल्या. "मले द्या. बुढ्याले सांभाळून राहिलो मी, सत्कार माहा करा!"

*

आणि आता पटाचा दिवस.

उद्घाटन अकराला छापलं होतं. डॉक्टरांनी त्या दिवसापुरतं सगळं त्या हिशोबानं बसवून दिलं होतं. अकरा ते साडेबारा हात उत्तम राहील, म्हणाले होते. पुढची गोळी दोनच्या आधी नाही. इस्तारीजी पावणेअकराला धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा बांधून रेषेवर उभे. मैदान तुडुंब. आम्ही मंडळवाले दोरीला लागून, कौतिकाबाई माझ्या शेजारी, अंगावर ती शाल.

अकरा वाजले. प्रमुख पाहुणे आले नाहीत. साडेअकरा. माइकवरून सांगितलं, "पाहुणे निघालेले आहेत." बारा. "पाहुणे रस्त्यात आहेत." रामेश्वरजी दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होते आणि मला दाखवत होते. मी त्यांना म्हटलं, "नका दाखवू हो." इस्तारीजी उन्हात उभेच.

साडेबाराच्या सुमारास गाड्यांचा ताफा आला. मग हार. मग तुरे. मग गावातल्या प्रत्येक माणसाच्या हस्ते प्रत्येक पाहुण्याचा सत्कार. रेषेवर दोन जोड्या फुरफुरताहेत, गाडीवान कासरे ओढून दमलेत. आणि मला इस्तारीजींचा अंगठा दिसला. काठीवर, अगदी बारीक, हलायला लागला होता. कौतिकाबाईंनाही दिसला. त्यांनी शालीचं टोक तोंडात धरलं.

पाहुणे माइकपाशी आले. खिशातून कागद काढले. चांगली आठदहा पानं होती. त्यांनी घसा साफ केला. "बंधू आणि भगिनींनो..."

झेंडी वर गेली आणि खाली पडली.

दोन्ही जोड्या सुटल्या! अशा सुटल्या की धुळीत स्टेज दिसेना. चार हजार माणसं एकदम ओरडली. पाहुणे काय बोलले ते त्यांनाही ऐकू गेलं नसेल. मी नाचत होतो, माझा हात, पाय, सगळं हलत होतं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

अध्यक्ष स्टेजवरून उडी मारून धावत आले. "इस्तारीजी! पाव्हन्यायचं भाषन बाकी होतं ना!"

"बैलायले इचारा जी, कोनाले आयकाचं होतं?"

आजूबाजूचे गाडीवान खो खो हसले. अध्यक्ष लालबुंद. "आना ती झेंडी इकडं! पुढची मी पाडतो!"

इस्तारीजींनी झेंडी दिली. दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. कौतिकाबाईंनी डोळे मिटले.

पुढच्या दोन जोड्या रेषेवर आल्या. चार बैल, अध्यक्षांपासून हातभर अंतरावर, खुरांनी माती उकरताहेत. स्टेजवर पाहुणे हातात कागद धरून अध्यक्षांकडेच टक लावून पाहताहेत. अख्खं गाव पाहतंय. अध्यक्षांनी झेंडी वर केली आणि वर धरून ठेवली.

एक गाडीवान कासरा ओढत, मान वर करून झेंडीकडे पाहत होता. पाहता पाहता तो तिथूनच ओरडला:

"ओ अध्यक्षसाहेब! झेंडी इस्तारीजीले देऊन टाका, तुमचा हात लय हालून राहिला!"